लग्नाच्या एडिटिंगसाठी तीन कोटेशनं हातात आहेत, पैसे कोणत्या भागात घालायचे?

प्रश्न असा आहे: सांगली जिल्ह्यात लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. सध्याचं मशीन आय५-६५००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सोनीचा नवा कॅमेरा घेतल्यापासून टाइमलाइनवर क्लिप अडखळत चालते. मॉनिटर सोडून बजेट ऐंशी हजारांच्या आसपास. पहिल्या कोटेशनमध्ये आय७-१४७००एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २ जीबीचं जीटी ७३० ग्राफिक कार्ड आणि कॅबिनेटसोबत येणारा ५०० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). दुसऱ्यात आय५-१४५००, बी७६० बोर्ड, १६ च्या दोन मिळून ३२ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस. ग्राफिक कार्ड नाही. तिसरा ब्रँडेड टॉवर: आय५-१४४००, १६ जीबी, ५१२ जीबी, तीन वर्षं जागेवर येऊन सर्व्हिस. दुकानदार म्हणतो पहिलं घ्या, आय७ आहे, बाकीचं नंतर वाढवता येईल. की जुन्याच मशीनला रॅम-एसएसडी टाकून भागवावं?

उत्तर: दुसरं घ्या, दोन-तीन फेरफार करून. पहिल्यात प्रोसेसर सोडला तर धड काही नाही. तिसरं वाईट नाही, पण तुमच्या कामाचं नाही. जुनं मशीन एक्सचेंजला देऊ नका. कारणं जरा विस्ताराने सांगतो, कारण दुकानात उभं राहिल्यावर ‘साहेब, आय७ कुठे आणि आय५ कुठे’ हे तुम्हाला पुन्हा ऐकावं लागणारच आहे.

आधी सध्याचं मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघू. हे न बघता कॉन्फिगरेशन ठरवणारे रोज भेटतात. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि जी क्लिप अडखळते तीच टाइमलाइनवर चालवा. डिस्क शंभर टक्क्यांना चिकटली असेल तर हार्ड डिस्क पुरत नाही. मेमरी आठपैकी साडेसातच्या पुढे गेली असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क निवांत आहे, मेमरी शिल्लक आहे आणि तरी सीपीयू शंभरावर असेल, तर व्हिडिओ उलगडण्यात, म्हणजे डीकोडमध्ये, त्याचा जीव जातोय. त्याच पानावर जीपीयूवर क्लिक केलं की ‘व्हिडिओ डीकोड’ नावाचा छोटा आलेख दिसतो. क्लिप चालू असताना तो जमिनीला टेकलेला असेल, तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतोय असं समजा.

तुमच्याकडे ही तिन्ही दुखणी असणार, पण अडखळण्याचं मूळ तिसरंच. सोनीच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत १०-बिट (रंगाच्या जास्त छटांचं) रेकॉर्डिंग असतं. तुमचा आय५-६५०० हा २०१५ च्या स्कायलेक पिढीतला. त्याच्या आतल्या ग्राफिक्सला एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत, एच.२६५) व्हिडिओ ८-बिटपर्यंतच नीट उलगडता येतो. १०-बिटची सोय त्याच्या पुढच्या पिढीत आली. म्हणून क्लिप आली की बिचारे चार कोअर राबत बसतात. त्यात रॅम आणि एसएसडी टाकलीत तर मशीन झटकन सुरू होईल, फोटोशॉप हलकं वाटेल, पण ती क्लिप तशीच अडखळेल. जुन्यावर भागवण्याचा मुद्दा निदान व्हिडिओपुरता इथेच संपतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लग्नाच्या एडिटिंगचं अर्धं गणित तिच्यात आहे. कॅमेऱ्यात तुम्ही ४:२:२ १०-बिट लावता की ४:२:०? रंगाची जास्त माहिती मिळते म्हणून बरेच जण ४:२:२ लावतात, आणि ग्रेडिंगला ते चांगलंच. पण एचईव्हीसीमधलं ४:२:२ १०-बिट हार्डवेअरवर उलगडणारे चिप मोजके आहेत. डेस्कटॉपवर इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या आतल्या ग्राफिक्सला ते येतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय थेट आरटीएक्स ५० मालिकेत आली. त्याआधीचं कार्ड कितीही महागडं असलं तरी या एका कामाला ते हात लावत नाही. गेमिंगवाल्या मित्राने ‘जुनं ३०६० घे, १२ जीबी आहे’ असं सांगितलं असेल तर त्याचा सल्ला गेमिंगपुरता बरोबर आहे.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं. म्हणजे १४७००एफ घेतलात की २८ थ्रेड मिळाले, आणि तुम्हाला हवा असलेला नेमका तोच तुकडा गेला. त्याच्या जोडीला दिलेलं जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड, एचईव्हीसी उलगडत नाही. ते फक्त मॉनिटरला चित्र पोचवण्यासाठी बसवलेलं आहे, कारण त्याच्याशिवाय एफ प्रोसेसर पडद्यावर काहीच दाखवू शकत नाही. ‘दोन जीबीचं ग्राफिक कार्ड’ हे शब्द कोटेशनवर मात्र छान दिसतात. या कार्डापेक्षा १४५०० च्या पोटातलं यूएचडी ७७० तुमच्या कामाला किती तरी सरस आहे.

इथे एक बारकावा आहे. सोनीत एक्सएव्हीसी एचएस आणि एक्सएव्हीसी एस असे वेगवेगळे पर्याय असतात. एचएस म्हणजे एचईव्हीसी, एस म्हणजे एच.२६४. एच.२६४ मधलं ४:२:२ १०-बिट १४५०० चं ग्राफिक्स उलगडत नाही. त्याला आरटीएक्स ५० मालिकाच लागते. तेव्हा नवीन मशीन आल्यावर कॅमेरा एचएसवर ठेवा, किंवा एसमध्येच राहायचं असेल तर प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) बनवून एडिट करा. प्रॉक्सीला लोक कमीपणा का मानतात कळत नाही. रात्री लावून ठेवल्या की सकाळी तयार असतात.

‘बाकीचं नंतर वाढवता येईल’ या वाक्याकडे येऊ. दुकानदार खोटं बोलत नाही, पण कोणता भाग नंतर वाढतो आणि कोणता वाढत नाही हे तो सांगत नाही. एसएसडी, हार्ड डिस्क आणि ग्राफिक कार्ड नंतर येतात आणि स्क्रू फिरवून बसतात. बोर्ड नंतर बदलायचा म्हणजे सगळं मशीन उसकटणं आलं. हलका एसएमपीएस तर कार्ड आणल्याच्या दिवशीच आडवा येतो. म्हणून आज पैसे बोर्ड, एसएमपीएस, प्रोसेसर आणि रॅम यांत घाला. पहिल्या कोटेशनने प्रोसेसर सोडून बाकी तिन्हींत हात आखडलाय.

एच६१० बोर्डवर १४७००एफ म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हा प्रोसेसर पूर्ण जोर लावतो तेव्हा २१९ वॅटपर्यंत खेचू शकतो. स्वस्त एच६१० बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग त्या मानाने तयार केलेला नसतो. तो तापला की वेग खाली येतो, आणि तासाभराच्या रेंडरमध्ये तुम्ही पैसे मोजलेला आय७ निम्म्याच दमाने चालतो. शिवाय एच६१० ला रॅमचे दोनच स्लॉट. एसएसडीसाठी प्रोसेसरला थेट जोडलेला पीसीआयई चौथ्या पिढीचा एम.२ स्लॉट त्यात नसतो, त्यामुळे सेकंदाला सात हजार एमबीच्या आसपासची एसएसडी लावली तरी ती तिसऱ्या पिढीच्या वेगाने, साडेतीन हजारांच्या आतबाहेर धावते. तेवढं कमी नाही, पण मग महागडी एसएसडी कोणाला दाखवायची?

याच प्रोसेसरांबद्दल आणखी एक. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरच्या फळीतले प्रोसेसर जास्त व्होल्टेज घेऊन हळूहळू अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) दुरुस्ती आली आणि इंटेलने अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. १४७००एफ त्या यादीत आहे, १४५०० नाही. आय७ घ्यायला हरकत नाही, पण मग बोर्डचा बायोस ताजा हवा आणि प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला हवा. ट्रे पीस (बॉक्सशिवाय सुटा विकला जाणारा) स्वस्त पडतो, पण त्याच्या वॉरंटीसाठी तुम्हाला विकणाऱ्याच्याच दारात उभं राहावं लागतं.

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या ‘५०० वॅट’च्या एसएमपीएसबद्दल मी फार बोलत नाही. तो उचलून बघा, वजनावरूनच कळतं. डब्यावरच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या ओळीपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि बाराने गुणा; खरे वॅट तेवढेच. वर्षभरात आरटीएक्स ५०६० घेतलंत तर ते कार्ड १४५ वॅटचं, १४५०० चा जोर १५४ वॅटपर्यंत, पंखे-डिस्क-बोर्ड धरून साडेतीनशेच्या थोडं पुढे. दुसऱ्या कोटेशनमधला ५५० वॅट ब्राँझ याला पुरतो. तरी मी तिथे ६५० घेतला असता. फरक फार नसतो आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेले मिळतात.

रॅमच्या बाबतीत गेली कित्येक वर्षं आम्ही सगळेच सांगत आलो, आता १६ घ्या, पुढच्या वर्षी स्वस्त झाली की अजून १६ टाका. तो सल्ला सध्या चालत नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआय सर्व्हरच्या मागणीने रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल ब्रँडचा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचंही जाहीर केलं. ‘नंतर’ स्वस्त पडेल या भरवशावर आज अर्धी रॅम घेऊ नका. पैसे अपुरे पडत असतील तर डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचा हट्ट सोडा. बी७६० बोर्ड डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे असे दोन्ही मिळतात. एडिटिंगला ३२ जीबी डीडीआर४ ही १६ जीबी डीडीआर५ पेक्षा केव्हाही बरी. फक्त बोर्ड घेतानाच ठरवावं लागतं, कारण दोन्हींच्या खाचा वेगळ्या. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. कोटेशनवर ‘३२ जीबी’ एवढंच लिहिलेलं असेल तर डीडीआर किती, वेग किती, हे लिहून मागा.

रॅम जोडीने घ्यायची हे दुसऱ्या कोटेशनवाल्याला कळतं. एकच कांडी लावली की मेमरीचा एकच मार्ग वापरला जातो, आणि आतलं ग्राफिक्स साध्या रॅमवरच चालत असल्याने त्याला ते जास्त जाणवतं. तुमच्या जुन्या मशीनमधली रॅम डीडीआर४ असेल तर ती नव्यात मिसळायचा मोह होईल. करू नका. सगळी रॅम सगळ्यात हळू कांडीच्या वेगाने चालेल आणि कधी मधेच मशीन बंद पडलं तर कारण शोधता शोधता एक लग्नसराई जाईल.

साठवणुकीचं गणित कागदावर मांडा. सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, प्रत्येकी चार तास प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, म्हणजे एका लग्नाचे ३६० जीबी, वर ड्रोन आणि फोटो वेगळे. ५१२ च्या एसएसडीत विंडोज, प्रीमियर आणि कॅश बसवल्यावर एक लग्नसुद्धा मावत नाही. १ टीबीत एक लग्न आरामात आणि दुसरं दाटीने. बोर्डवर निदान दोन एम.२ स्लॉट असलेला बी७६० निवडा; दुसरा स्लॉट ही तुमची पहिली अपग्रेड, ग्राफिक कार्डाच्याही आधीची. एम.२ हा फक्त आकार आहे हे लक्षात ठेवा. त्या आकारात साटाची एसएसडीही येते आणि ती साडेपाचशे एमबीच्या पुढे जात नाही, म्हणून बिलावर ‘एनव्हीएमई’ शब्द हवा. एडिट झालेली लग्नं हार्ड डिस्कवर हलवा, आणि ग्राहकाला पेनड्राइव्ह देऊन झाला तरी दोन वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवा. जुन्या मशीनमधली १ टीबी डिस्क एवढी वर्षं फिरली आहे, तिच्यावर कोणाच्याही लग्नाचा भरवसा ठेवू नका.

ब्रँडेड टॉवर कोणाला द्यावा हे मला चांगलं माहीत आहे: सीएचं ऑफिस, पतसंस्था, शाळेची लॅब. मशीन बंद पडलं तर फोन करायचा, माणूस जागेवर येतो. त्या लोकांसाठी हीच खरी किंमत. तुमच्यासाठी अडचण वेगळी. अशा बऱ्याच टॉवरमध्ये एसएमपीएस लहान असतो आणि बोर्डला जोडणारा त्याचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला नेहमीचा २४ पिनांचा नव्हे. उद्या ग्राफिक कार्ड टाकायचं ठरवलं तर एसएमपीएस बदलता येत नाही, कधी कॅबिनेटची रुंदीही पुरत नाही. तेव्हा एसएमपीएसची वेगळी वायर न मागणारं ७० वॅटचं छोटं कार्ड एवढाच मार्ग उरतो, उदाहरणार्थ ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, आणि ते ५० मालिकेतलं नाही.

इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणी तरी सांगेलच. पुढे नुसता प्रोसेसर बदलायचा असेल तर त्यांचा एएम५ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसरची जागा) जास्त भरवशाचा. २०१७ मध्ये एएम४ बोर्ड घेतलेल्या अनेकांनी नुसता बायोस बदलून २०२२ चे प्रोसेसर चालवले. उलट इंटेलचा तुमच्या कोटेशनमधला १७०० सॉकेट चौदाव्या पिढीवरच थांबला, २०२४ मध्ये नवा आला. मात्र एएमडीच्या आतल्या ग्राफिक्सला ४:२:२ उलगडता येत नाही, म्हणजे पहिल्या दिवसापासून ५० मालिकेचं कार्ड घ्यावं लागेल आणि बजेट फाटेल. स्टुडिओवाल्यांनी प्रोसेसर मधेच बदललेला मी क्वचितच पाहिला आहे; ते सहा-सात वर्षं तेच मशीन ओढतात आणि मग सगळंच नवं घेतात.

दुसऱ्या कोटेशनमध्ये वाढवायचं ते एवढंच: ६५० वॅटचा एसएमपीएस, दोन एम.२ स्लॉटचा बोर्ड, आणि बॉक्समधल्या छोट्या पंख्याऐवजी टॉवर आकाराचा साधा एअर कूलर. लिक्विड कूलर नको. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. काचेनं बंद केलेलं दिसतं सुरेख, पण एप्रिलच्या दुपारी बिनएसीच्या खोलीत रेंडर लावून बघा. पैसे कापायचे असतील तर रंगीत दिव्यांचे पंखे आणि ‘गेमिंग’ कीबोर्ड-माउसचा संच आधी कापा. यूपीएस ६०० व्हीएचा पुरणार नाही. त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते आणि मॉनिटरही त्याच्यावरच असणार. हजार-अकराशे व्हीए घ्या, आणि बसवण्याआधी स्टुडिओचं अर्थिंग एकदा तपासून घ्या.

बिल पक्कं, जीएसटीचं, आणि प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव व सिरीयल नंबर असलेलं मागा. तुमचा जीएसटी नंबर असेल तर तो टाकून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल. मशीन ताब्यात घेताना सीपीयू-झेडमध्ये प्रोसेसर आणि रॅम दोन मार्गांवर चालतेय का ते बघा, क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये एसएसडीचे चाललेले तास बघा. नव्या एसएसडीवर ते दोन अंकी असायचं काही कारण नाही. विंडोज ‘आम्ही टाकून देतो’ म्हणाले तर लायसन्सचं बिल कुठे आहे ते विचारा. क्रॅक केलेल्या विंडोजवर लोकांच्या लग्नाचे फोटो ठेवायचे नसतात.

जुन्या मशीनला साटाची २५० किंवा ५०० जीबी एसएसडी टाका आणि ते अल्बमच्या पानांसाठी हेल्परला द्या. करिझ्मा अल्बमचं डिझाइन त्याच्यावर आणखी काही काळ होईल. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, कारण इंटेलची आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टची सामान्य ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तेव्हा बँकेचे आणि ईमेलचे व्यवहार त्याच्यावरून करू नका.

दुकानात ‘१४५०० संपला’ असं उत्तर मिळालं तर १३५०० चालेल, कोअर तेवढेच आणि ग्राफिक्सही तेच. तोही नसेल तर १४४०० घ्या, पण एफ नसलेला. त्याचं ग्राफिक्स एक पायरी खालचं आहे, ४:२:२ एचईव्हीसी मात्र उलगडतं. कोअर अल्ट्रा ५ सुचवला तर तोही चालतो, फक्त त्याला वेगळा बोर्ड आणि डीडीआर५ लागते, म्हणून ३२ जीबीसकट कोटेशन नव्याने मागवा. आणि ‘१४४००एफ आहे, वर जीटी ७३० फुकट देतो’ असं म्हणाले तर दुसऱ्या दुकानात जा.